शिरोलीचे युरो फ्रँकफर्टमध्येच राहतात

समजा, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीने इटलीतल्या गिऱ्हाइकाला २०,००० युरोचं कास्टिंग पाठवलं. तिकडे पैसे भरले जातात, काही दिवसांनी कोल्हापुरातल्या खात्यात रुपये दिसतात. पण मधल्या काळात एकही युरो भारतात येत नाही.

भारतीय बँकेचं युरोतलं खातं फ्रँकफर्टच्या एखाद्या बँकेत असतं, त्याला नोस्त्रो म्हणतात. इटलीची बँक युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या टी-२ यंत्रणेतून फ्रँकफर्टला रक्कम चुकती करते. फ्रँकफर्टची बँक ती नोस्त्रोत जमा दाखवते आणि मग भारतीय बँक आपल्या भावाने शिरोलीच्या खात्यात रुपये टाकते. युरो तिथेच. उद्या इचलकरंजीचा कारखानदार बेल्जियमहून शटललेस माग मागवेल, तेव्हा याच शिलकीतून त्याचे पैसे भागतील.

यात स्विफ्टचं काम फक्त निरोप्याचं. १९७३ साली बेल्जियममध्ये स्थापन झालेली ही संस्था बँकांच्याच मालकीची, म्हणजे सहकारीच! ११,००० हून जास्त वित्तसंस्था तिला जोडलेल्या आहेत. पण पैसे तिच्या हातून जात नाहीत. म्हणून गिऱ्हाइकाने ‘स्विफ्ट कॉपी’ पाठवली की लगेच माल सोडू नये. ती पैसे पाठवायला सांगितल्याची खूण, मिळाल्याची नव्हे. कधी निरोप थेट भारतीय बँकेकडे येतो आणि रक्कम दुसऱ्या बँकेमार्फत वेगळ्या वाटेने नोस्त्रोकडे निघालेली असते. शोध घ्यायचा तर कॉपीवरचा ३६ अक्षरी यूईटीआर क्रमांक बँकेला द्या.

पैसे अडतात ते बहुतेक वेळा क्षुल्लक कारणाने. स्विफ्ट कोड ८ किंवा ११ अक्षरांचा असतो: ४ बँकेची, २ देशाची, २ ठिकाणाची, उरलेली ३ शाखेची. अनेक शाखांना स्वतःचा कोड नसतो. तिथे बँकेने सांगितलेल्या परकीय चलन शाखेचा कोड द्यावा लागतो. आयएफएससी चालत नाही, आणि युरोपातला फॉर्म आयबॅन (तिकडचा आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) मागतो तो भारतात नाहीच. इन्व्हॉइसवर एक नाव आणि खात्यावर दुसरं असेल तरी रक्कम लटकते.

शिवाय वाटेतली प्रत्येक बँक नावं-पत्ते निर्बंधांच्या याद्यांशी ताडून पाहते. २०१६ साली बांगलादेश बँकेवर, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेवर, सायबर दरोडा पडला तेव्हा मनिलातल्या शाखेच्या पत्त्यातला ‘ज्युपिटर’ हा शब्द अशाच यादीतल्या नावाशी जुळला आणि मोठी रक्कम बचावली, तरी ८.१ कोटी डॉलर गेलेच.

आता शुल्क. ‘ओयूआर’ म्हणजे सगळा खर्च पाठवणाऱ्याचा, ‘बेन’ म्हणजे घेणाऱ्याचा, ‘शा’ म्हणजे वाटून. ‘शा’ असेल तर मधली बँक आपलं कापून घेते आणि २०,००० ऐवजी, समजा, १९,९७५ हाती येतात. तो फरक बँक-शुल्क म्हणून नोंदवून घ्यावा, नाहीतर निर्यातीचे पैसे आले का हे पाहणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएस यंत्रणेत शिपिंग बिल (कस्टम्सकडचं निर्यातीचं कागदपत्र) उघडंच राहतं. आगाऊ रकमेला पी०१०३ हा हेतू-संकेतांक लागतो, तोही बँकेला वेळेत कळवावा.

या २५ युरोंवरून लोक बँकेत वाद घालतात, भाव मात्र विचारत नाहीत. बाजारभावापेक्षा युरोमागे ५० पैसे कमी मिळाले, तर २०,००० युरोंवर १०,००० रुपये गेले. मोठी रक्कम येणार असेल तर रुपयांत बदलण्याआधी फोन करून त्या घडीचा भाव मागा. शाखेतल्या छापील कार्ड रेटपेक्षा तो बऱ्याचदा बरा मिळतो.