शिकणाऱ्या आईबापांच्या पैशांचा गुंता आला कुठून?

ब्रिटन-अमेरिकेसारख्या देशात कॉलेजात शिकतोय आणि घरात लहान मूलही आहे अशा माणसाचं कॅलेंडर आधी बघा. फी सेमिस्टरला, भाडं महिन्याला, पाळणाघराचे पैसे बऱ्याचदा आठवड्याला, आणि दूध-डायपर तर रोजचंच. पैसे मात्र येतात भलत्याच तारखांना. शिक्षणासाठीची ग्रँट (फेडायची नसलेली मदत) किंवा लोन वर्षातून दोन-तीनदा एकदम जमा होतं, मुलाचा सरकारी भत्ता महिन्याने, टॅक्सचं जे काही परत मिळायचं ते वर्षातून एकदा. त्यात गंमत अशी (गंमत कसली डोंबलाची) की एकीकडचे पैसे आले की दुसरं ऑफिस म्हणतं, अरे वा, तुमचं इन्कम वाढलं, मग आमच्याकडचे कमी करतो. बजेट कसं करा हे सांगणारे पैशाला पासरी आहेत, पण हा गुंता मुळात झाला कसा ते फारसं कोणी सांगत नाही, म्हणून हे लिहितेय. विद्यार्थ्याला मदत करणारे कायदे एका टेबलावर झाले, मुलंबाळं असलेल्या घराला मदत करणारे दुसऱ्या टेबलावर, आणि हा एकच माणूस असू शकतो हे दोन्हीकडे बहुतेक कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

एक मोठा अपवाद मात्र आहे आणि तो अगदी सुरुवातीचा. २२ जून १९४४ ला अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी एका कायद्यावर सही केली, लोक त्याला जीआय बिल म्हणतात. लढाईवरून परतणाऱ्या सैनिकांना शिकता यावं म्हणून फी वर्षाला ५०० डॉलरपर्यंत सरकार भरणार, आणि वर घरखर्चाला महिन्याला ५० डॉलर. पण घरात अवलंबून असलेलं कोणी असेल तर ५० नाही, ७५. म्हणजे शिकणारा माणूस आणि कुटुंब पोसणारा माणूस एकच आहे हे सरकारने एकाच चेकवर मान्य केलं, आणि तेही दर महिन्याला! १९४८ मध्ये हा आकडा एकट्याला ७५, एक जण अवलंबून असेल तर १०५ आणि जास्त असतील तर १२० असा झाला. विद्यापीठांची आधी तारांबळ उडाली, कारण कॉलेजचा विद्यार्थी म्हणजे अठरा-वीस वर्षांचा सडाफटिंग पोरगा हेच गृहीत होतं आणि आता बायकापोरं घेऊन माणसं यायला लागली. मग लष्कराच्या जुन्या बराकी, ट्रेलर, पत्र्याच्या अर्धगोल झोपड्या असं जे मिळेल ते आणून कॅम्पसवर वसाहती उभ्या केल्या. १९४७ मध्ये अमेरिकन कॉलेजांतले जवळपास निम्मे विद्यार्थी असे माजी सैनिक होते.

पण ह्या चेकला एक पाळणाघर फुकट जोडलेलं होतं, ते म्हणजे बायको. मूल ती सांभाळायची, बऱ्याचदा नोकरीही तीच करायची. नंतरच्या काळात काही कॉलेजांनी अशा बायकांना गमतीची सर्टिफिकेटं वाटली, नाव काय तर पीएचटी, म्हणजे नवऱ्याला शिकवून पार पाडल्याची डिग्री. हसू येतं आणि नाहीही येत. शिवाय कृष्णवर्णीय सैनिकांना कागदावर हाच हक्क असूनही दक्षिणेतल्या राज्यांत बहुतेक कॉलेजांची दारंच बंद होती, त्यामुळे ह्या कायद्याचं कौतुक करताना तेवढं लक्षात ठेवावं लागतं.

दुसरं टेबल ब्रिटनमध्ये साधारण त्याच वेळी मांडलं गेलं. एलिनॉर रॅथबोन ह्या खासदार बाईंनी वीसेक वर्षं एकच गोष्ट लावून धरली होती, की मुलांसाठीचे पैसे पगारात मिसळू नका, वेगळे द्या आणि आईच्या हातात द्या. १९४५ चा फॅमिली अलाउन्सेस कायदा झाला तेव्हा सरकारी मसुद्यात पैसे बापाला द्यायचे असं होतं, बाईंनी ते बदलायला लावलं. ऑगस्ट १९४६ पासून दुसऱ्या मुलापासून पुढे प्रत्येकाला आठवड्याला ५ शिलिंग सुरू झाले, ते बघायला बाई मात्र नव्हत्या, जानेवारीतच गेल्या. आज ब्रिटनमध्ये जो चाइल्ड बेनिफिट आहे तो ह्याचाच वारस, १९७७ पासून पहिल्या मुलालाही मिळायला लागला. आई कामाला जाते की घरी असते की कॉलेजात, ह्याच्याशी त्याला घेणंदेणं नाही, आणि मला वाटतं हेच त्याचं सगळ्यात मोठं शहाणपण.

विद्यार्थ्यांचं टेबल तिथेही वेगळंच राहिलं. १९६२ च्या एज्युकेशन कायद्याने पूर्णवेळ डिग्री करणाऱ्यांना स्थानिक कौन्सिलने खर्चाची ग्रँट द्यायचीच असं ठरलं. तेव्हा शिकणाऱ्यांना गरज पडली तर सुट्टीत बेकारी भत्ता, भाड्याला मदत असं बाकीच्यांसारखंच मागता यायचं. १९९० मध्ये मात्र सरकारने स्टुडंट लोन आणलं आणि त्याच वर्षी पूर्णवेळ विद्यार्थ्यांना बहुतेक बेनिफिट बंद केले. सुटले ते मुख्यतः एकटे पालक आणि अपंग विद्यार्थी. इथूनच शिकणाऱ्या आईबापांचा खास कप्पा तयार झाला असं म्हणायला हरकत नाही, आधी ते सगळ्यांत मिसळलेले होते, आता ते अपवाद झाले, आणि अपवाद असल्याचं दर वर्षी कागद दाखवून सिद्ध करायचं. पुढे १९९८ मध्ये १००० पाउंड फी आली, वर्षभरात ग्रँट गेली, मग २००१ च्या सुमाराला इंग्लंडमध्ये चाइल्डकेअर ग्रँट आली, पाळणाघराच्या खर्चाच्या ८५ टक्क्यांपर्यंत, अर्थात कमाल मर्यादेत. म्हणजे एका हाताने काढलं, दुसऱ्याने थोडं परत दिलं.

आणि मग आलं युनिव्हर्सल क्रेडिट, २०१३ पासून हळूहळू. सहा जुने भत्ते एकत्र करून महिन्याला एकच रक्कम, ऐकायला जीआय बिलासारखंच वाटतं ना? पण ह्यात विद्यार्थ्याचं मेंटेनन्स लोन, म्हणजे राहण्या-खाण्याच्या खर्चासाठीचं कर्ज, हे इन्कम धरतात. लोन! जे फेडायचं आहे ते! आणि मिळू शकत असून तुम्ही घेतलंच नाही तरी घेतल्यासारखंच मोजतात. टर्मला एकदम आलेली रक्कम कोर्सच्या महिन्यांवर वाटली जाते, दर महिन्याचे ११० पाउंड सोडून द्यायचे आणि बाकीचे भत्त्यातून वजा. उन्हाळ्याच्या सुट्टीत हे वजा होणं थांबतं म्हणून भत्ता अचानक वाढतो, आणि नव्या माणसाला वाटतं ऑफिसची काहीतरी चूक झाली, आता परत मागतील. शिवाय पाळणाघराचे पैसे युनिव्हर्सल क्रेडिटमधून घेतले तर वरची चाइल्डकेअर ग्रँट नाही मिळत, दोन्हींतलं एकच, त्यामुळे कोणतं फायद्याचं ह्याचा हिशोब ज्याचा त्याने करायचा.

परत अमेरिकेत येऊ कारण तिथे गोष्ट जास्त वाकडी गेली. डिसेंबर १९७१ मध्ये तिथल्या संसदेने देशभर पाळणाघरं आणि बालशिक्षणाचा मोठा कायदा पास केला होता, घराच्या ऐपतीप्रमाणे फी. राष्ट्राध्यक्ष निक्सननी व्हेटो केला, म्हणजे सही न करता तो अडवला. तो झाला असता तर ह्या लेखाचा अर्धा भाग लिहावाच लागला नसता. पुढच्याच वर्षी, १९७२ ला, गरीब विद्यार्थ्यांसाठीची ग्रँट आली जिला १९८० पासून पेल ग्रँट म्हणतात. फॉर्म भरताना विद्यार्थी आईबापांवर अवलंबून की स्वतंत्र, हा प्रश्न मोठा, कारण त्यावरून कोणाचं इन्कम बघायचं ते ठरतं. १९८६ मध्ये कायद्यात लिहिलं गेलं की तुमच्यावर मूल अवलंबून असेल तर तुम्ही स्वतंत्र. म्हणजे अठरा वर्षांच्या आईला स्वतःच्या आईबापाचे टॅक्सचे कागद गोळा करायची गरज उरली नाही, ही छोटी वाटणारी गोष्ट खूप जणींना फार मोठी ठरली.

पण पेल ग्रँट म्हणजे फीचं टेबल. घरखर्चाचं टेबल होतं वेल्फेअर, म्हणजे मुलं असलेल्या गरीब घरांना रोख सरकारी मदत, १९३५ पासूनची. १९८८ च्या कायद्यात तरी वेल्फेअरवरच्या आईला शिक्षण घेता येईल अशी जागा होती, कॉलेजसुद्धा. २२ ऑगस्ट १९९६ ला राष्ट्राध्यक्ष क्लिंटननी ज्या सुधारणेवर सही केली तिने ते चित्र पालटलं. संघराज्याच्या पैशातून मदत आयुष्यभरात ६० महिने, बदल्यात काम, आणि व्यवसाय शिक्षण हे काम म्हणून धरायचं ते फक्त १२ महिने. चार वर्षांची डिग्री बारा महिन्यांत कशी बसवायची हे कोणी सांगितलं नाही. मेन नावाच्या छोट्या राज्याने मात्र १९९७ मध्ये डोकं लढवलं, पॅरेंट्स अॅज स्कॉलर्स अशी योजना काढून शिकणाऱ्या पालकांना राज्याच्या स्वतःच्या पैशातून तेवढीच मदत दिली, म्हणजे ६० महिन्यांचं घड्याळ टिकटिकायला नको. पळवाट म्हणा हवं तर, पण सरळ मनाची पळवाट.

फूड स्टॅम्पचं, म्हणजे गरीब घरांना अन्नासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीचं, तर काय सांगावं. सधन घरातली पोरं कॉलेजात जाऊन सरकारी अन्न खातात अशी ओरड झाली आणि १९८० च्या दुरुस्तीने कॉलेजच्या बहुतेक विद्यार्थ्यांना बाहेर काढलं, आठवड्याला २० तास नोकरी असेल तर आत. आईबापांना सूट आहे पण तिला वयाच्या पायऱ्या आहेत: मूल सहाच्या खालचं असेल तर थेट, सहा ते अकरा असेल तर नोकरी करून शिकता येईल अशी सांभाळायची सोय नाही हे पटलं पाहिजे, आणि एकट्याने वाढवत असाल व पूर्णवेळ शिकत असाल तर बाराच्या खाली. म्हणजे घरात अन्न येणार की नाही हे पोराच्या वाढदिवसावर. सातवं वर्ष लागायचा आनंद आणि धास्ती एकदमच.

१९९८ मध्ये कॅम्पसवरच्या पाळणाघरांसाठी खास केंद्रीय निधी सुरू झाला, पण तो कॉलेजला मिळतो, पालकाला नाही, आणि तोही अर्ज करून मंजूर झालेल्या कॉलेजांनाच. कुठल्या कॉलेजात अॅडमिशन मिळाली ह्यावर नशीब.

जर्मनीने हे जरा बरं सोडवलं. तिथला विद्यार्थी मदतीचा कायदा, बाफ्योग, १९७१ चा. मूल असलेल्यांना त्यात वेगळी भर २००८ च्या सुमाराला पडली, पहिल्या मुलाला ११३ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ८५, नंतर सगळ्यांना सारखी झाली आणि वाढत गेली. नेहमीची बाफ्योग मदत सहसा अर्धी कर्ज असते, ही भर मात्र फेडायची नाही. आणि माझ्या मते खरी मेख पुढे आहे: दुसऱ्या सामाजिक मदतीच्या हिशोबात ही रक्कम इन्कम म्हणून धरायची नाही असं कायद्यातच लिहून ठेवलंय. एका वाक्याने दोन टेबलं जोडली! स्वीडननेही २००६ पासून विद्यार्थी मदतीतच मुलांसाठी वेगळी रक्कम दिली. भारतात २०१६ च्या यूजीसी नियमांनी पीएचडी करणाऱ्या बायकांना २४० दिवसांपर्यंत रजा दिली, ती गरजेचीच होती, पण तो वेळ झाला, पाळणाघराचं बिल त्यातून भरत नाही.

२०२१ मध्ये अमेरिकेत सहा महिने एक वेगळाच प्रकार झाला. चाइल्ड टॅक्स क्रेडिट, म्हणजे मुलांमागे टॅक्समधून मिळणारी रक्कम, वाढवलं आणि त्यातलं अर्धं जुलै ते डिसेंबर दर महिन्याला खात्यात टाकलं, सहाच्या खालच्या मुलाला ३०० डॉलर, मोठ्याला २५०. कमाई नसली तरी मिळायचं, त्यामुळे शिकणारेही आपोआप आत. डिसेंबरनंतर मुदत वाढवली नाही आणि पुन्हा वर्षातून एकदाचं टॅक्स रिटर्न. २०२४-२५ पासून पेल ग्रँटचं गणित बदललं, एकट्या पालकाचं इन्कम गरिबीरेषेच्या २२५ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण ग्रँट, बाकी पालकांना ही रेषा १७५ टक्के.

आणि एक जुनी तरतूद अजून तशीच पडून आहे. अमेरिकन कॉलेज विद्यार्थ्याचा वर्षाचा एकूण खर्च किती हे ठरवतं, त्या आकड्यात पाळणाघराचा खर्च धरायची मुभा कायद्याने आहे, आकडा वाढला की मदतीची मर्यादाही वाढते. फक्त बऱ्याच ठिकाणी ते आपणहून धरत नाहीत, फायनान्शियल एडच्या खिडकीवर जाऊन मागावं लागतं. सरकारच्याच ऑडिट संस्थेने २०१९ मध्ये बघितलं तर पदवीच्या विद्यार्थ्यांत पाचांत एकाहून जास्त जण पालक होते, आणि कित्येक कॉलेजांच्या वेबसाइटवर ह्या तरतुदीचा उल्लेखसुद्धा नव्हता. मागितलंच तर वाढून मिळतं ते बहुतेक वेळा लोन.