इंग्लिशचे बारा काळ आले कुठून? थोडी पार्श्वभूमी

इंग्लिश शिकलेल्या प्रत्येकाने बारा काळांचा तक्ता कधीतरी पाठ केलेलाच असतो, त्यामुळे तो इथे परत मांडत नाही. तो तक्ता आला कुठून हे मात्र बघण्यासारखं आहे, कारण इंग्लिश भाषा काही तो सोबत घेऊन जन्माला आली नव्हती.

साधारण ११०० च्या आधीच्या जुन्या इंग्लिशमध्ये क्रियापदाची काळ दाखवणारी रूपं दोनच, एक भूतकाळाचं आणि दुसरं बाकी सगळ्याचं. उद्याची गोष्ट असली तरी वर्तमानाचंच रूप वापरायचे, ऐकणाऱ्याने संदर्भावरून काय ते समजून घ्यायचं. हॅव लावून होणारं परफेक्ट मुळात 'माझ्याकडे पत्र आहे, लिहून झालेलं' अशा धाटणीचं होतं, मग त्यातली मालकी हळूहळू गळून गेली आणि 'मी पत्र लिहिलंय' एवढंच उरलं. येणं-जाणं वगैरे क्रियापदांना तर सहसा हॅव लागायचं नाही, बी (म्हणजे इज, आर वगैरे) लागायचं, १६११ च्या बायबलमध्ये 'हॅज कम', 'हॅज रिझन' ऐवजी 'इज कम', 'इज रिझन' असं दिसतं ते त्यामुळेच. क्रिया चालू असल्याचं दाखवणारं, इंग लावून होणारं कंटिन्युअस सर्रास व्हायला अजून वेळ गेला. 'द हाउस इज बीइंग बिल्ट' हे वाक्य आज कोणालाच खटकत नाही, पण अठराव्या शतकाच्या अखेरीस असली रूपं दिसायला लागली आणि पुढचं जवळपास अख्खं शतक व्याकरणवाले त्यांच्यावर डाफरत होते, का तर त्यांच्या मते शुद्ध वाक्य 'द हाउस इज बिल्डिंग'.

म्हणजे भाषा आपल्या गतीने बदलत होती आणि व्याकरण लिहिणाऱ्यांच्या डोक्यात लॅटिन होतं. लॅटिनमध्ये सहा काळ, म्हणून इंग्लिशमध्येही सहा. १७९५ च्या एका अफाट खपलेल्या व्याकरणात हे सहा काळ अगदी शिस्तीत मांडलेत, गंमत म्हणजे साध्या भूतकाळाला तिथे 'इम्परफेक्ट' म्हटलंय, आणि कंटिन्युअसला स्वतःचं वेगळं घर नाही. पुढे त्याला घर द्यावंच लागलं, मग तीन काळ गुणिले चार प्रकार (साधा, कंटिन्युअस, परफेक्ट आणि परफेक्ट कंटिन्युअस) असा नीटनेटका गुणाकार तयार झाला. शिकवायला सोपा आणि परीक्षेत विचारायला तर त्याहून सोपा!

पण या गुणाकारातला एक आकडा वादाचा आहे, तो म्हणजे तीन. फ्युचर टेन्स हा खरंच टेन्स आहे का?

या वादाची मुळं शॅल आणि विलच्या भांडणात आहेत. १६५३ साली परदेशी लोकांसाठी लॅटिनमध्ये लिहिलेल्या एका इंग्लिश व्याकरणात नियम आला, की आय आणि वी असेल तर नुसतं भविष्य सांगायला शॅल, निश्चय किंवा धमकी असेल तर विल, आणि बाकीच्यांसाठी बरोब्बर उलट. पुढची दोन-अडीचशे वर्षं हा नियम पोरांच्या डोक्यात कोंबला गेला. त्यावरचा जुना विनोद आहे, एक परदेशी माणूस पाण्यात पडतो आणि ओरडतो, 'आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!' नियमाप्रमाणे याचा अर्थ मी बुडणारच आणि मला कोणी वाचवायचं नाही, म्हणून काठावरचे सभ्य लोक त्याला बुडू देतात. बोलणारे लोक असं काटेकोर बोलत नव्हते हे उघड आहे, पण या सगळ्या काथ्याकुटात 'भविष्यकाळ आहे, फक्त कोणता शब्द लावायचा ते ठरवा' हे गृहीतच धरलं गेलं.

विसाव्या शतकात ते गृहीतक ढासळलं. एका डॅनिश व्याकरणकाराने साफ मांडलं की इंग्लिशला फ्युचर टेन्स नाही, १९८५ च्या जाडजूड संदर्भ व्याकरणाने तेच धरलं आणि २००२ च्या तितक्याच जाडजूड व्याकरणानेही. मुद्दे तसे सरळ आहेत. मराठीत 'जाईन' म्हणताना प्रत्यय थेट धातूला लागतो, इंग्लिशमध्ये भविष्यासाठी असं काही होत नाही, विल हा कॅन, मे, मस्ट यांच्या पंगतीतला शब्द आहे. दारावर थाप पडली की 'दॅट विल बी द पोस्टमन' म्हणतात, त्यात भविष्य कुठंय, तो आत्ताचाच अंदाज आहे. उलट 'द ट्रेन लीव्हज अॅट नाइन टुमॉरो' हे पूर्ण भविष्य, आणि विलचा पत्ता नाही. 'इफ इट रेन्स टुमॉरो' मध्ये तर विल घातला तर चूक धरतात!

दुसऱ्या बाजूचंही म्हणणं आहे, की फ्रेंचमधले भविष्यकाळाचे प्रत्ययसुद्धा मुळात 'हॅव' अर्थाच्या सहायक क्रियापदातूनच आलेत, मग सुटा शब्द आहे म्हणून विलला बाहेर का काढायचं. मुद्दा अगदीच फेकण्यासारखा नाही, पण पोस्टमनचं उत्तर त्यातून मिळत नाही, त्यामुळे मला तरी दोन टेन्सवालेच पटतात.

मग बाकीचे जे 'काळ' आहेत ते काय? तर कंटिन्युअस म्हणजे काळ नव्हे, क्रियेकडे आतून बघायचं की बाहेरून हा फरक, त्याला अॅस्पेक्ट म्हणतात. परफेक्टवर अजून एकमत नाही, २००२ वाले त्यालाही दुय्यम टेन्स मानतात. यात सगळ्यात कामाची मांडणी १९४७ ची, तीही व्याकरणवाल्याची नाही, एका तत्त्वज्ञाची. त्याने तीन क्षण वेगळे केले, घटना घडली तो, आपण बोलतोय तो, आणि जिथे उभं राहून बघतोय तो. 'आय लॉस्ट माय कीज' म्हणताना आपण मागे जाऊन तिथूनच बघतो, किल्ल्या नंतर सापडल्या असतील नसतील. 'आय हॅव लॉस्ट माय कीज' म्हणताना आपण आत्तामध्ये उभे असतो, किल्ल्या अजून हरवलेल्याच. आणि हॅड आलं की उभं राहायची जागाच भूतकाळात सरकते, घटना तिच्याही मागे.

त्यामुळेच परफेक्टसोबत 'यस्टरडे' जमत नाही. बोलीतल्या फ्रेंचमध्ये हॅववाल्या रूपाने साधा भूतकाळ जवळजवळ गिळून टाकला, इंग्लिश त्या वाटेवर मध्येच थांबली, आणि अमेरिकन तर उलटीकडे झुकली, 'आय जस्ट एट' तिथे बिनदिक्कत चालतं जिथे ब्रिटिश माणूस बहुतेक 'आय हॅव जस्ट ईटन' म्हणेल.

हल्लीच्या बऱ्याच पाठ्यपुस्तकांनी मधला मार्ग काढलाय, विल, गोइंग टू आणि प्रेझेंट कंटिन्युअस हे सगळं 'फ्युचर फॉर्म्स' नावाखाली एकत्र, टेन्स शब्दच टाळायचा. तक्ता मात्र अजून बारा घरांचाच छापला जातो, शेवटच्या घरातल्या 'विल हॅव बीन वर्किंग' सकट, जे बोलण्यापेक्षा प्रश्नपत्रिकेतच जास्त भेटतं.