गाळाच्या खडकाची ताकद: दाणा आधी की सांधा?

गोव्यात गवंडी चिरा घेताना नखाने खरवडून पाहतो, मग एकावर दुसरा आपटतो. आवाज खणखणीत आला तर ठीक. बद आला तर चिरा बाजूला. खडकाची बळकटी मोजण्याचा इतिहास या साध्या तपासणीपासून फार लांब नाही.

फ्रेंच लष्करी अभियंता कूलाँब याने 1773 मध्ये चुनखडकाचे तुकडे तोडून पाहिले आणि ताकदीचे दोन वाटे केले: कणांना धरून ठेवणारा चिकटपणा आणि कणांमधलं घर्षण. सिमेंटेशनचा, म्हणजे दाणे एकमेकांना धरून ठेवणाऱ्या सांध्याचा, मुद्दा तिथेच येऊन गेला होता. पण पुढे जास्त लक्ष गेलं दाण्याकडे, बहुधा तो मोजायला सोपा म्हणून. अमेरिकी भूशास्त्रज्ञ वेंटवर्थची दाण्यांच्या आकाराची 1922 ची मोजपट्टी अजून चालते. तिच्यात 1/16 ते 2 मिलिमीटर म्हणजे वाळू.

दाणा बारीक तर खडक बळकट, हे बाकी सगळं सारखं असेल तरच खरं. कारण ब्रिटिश अभियंता ग्रिफिथने 1920 मध्ये काचेवर दाखवलं: तुटण्याची सुरुवात आधीच असलेल्या चिरेपासून, म्हणजे भेगेपासून, होते, आणि चीर जितकी लांब तितका कमी ताण पुरतो. मोठ्या दाण्यांच्या कडेने जाणारी चीर साहजिकच लांब. तरीही शेल हा चिखलाचा पापुद्र्यांचा खडक बारीक दाण्याचा असून बोटाने सुटतो आणि सिलिकाने (गारेच्या द्रव्याने) सांधलेला जाड वाळूखडक घणाला दाद देत नाही. सर्वसाधारणपणे सिलिकाचा सांधा सगळ्यात पक्का, त्याखाली कॅल्साइट हे चुन्याचं खनिज, आणि चिकणमातीचा सर्वांत कच्चा. ती भिजली की संपलं.

दोनापावलच्या किनाऱ्यावरचा ग्रेवॅक मुळात वाळू आणि चिखलाचा समुद्री गाळ. त्यातला चिखल तसाच राहिला असता तर लाटांपुढे तो टिकला नसता. जमिनीखालच्या दाबाने आणि उष्णतेने मातीची नवी खनिजं झाली, म्हणून टिकला.

चिरा, म्हणजे जांभा, काटेकोरपणे गाळाचा खडक नव्हेच. जागच्या जागी कुजलेल्या खडकातून सिलिका धुऊन जाते, लोह नि ॲल्युमिनियम उरतात. पण सांध्याचा धडा त्याच्याइतका उघडा कुठे दिसत नाही. खाणीतून काढताना तो मऊ, हवेत वाळला की लोहाच्या ऑक्साइडांनी कडक होतो. स्कॉटिश डॉक्टर आणि सर्वेक्षक फ्रान्सिस बुकॅनन याने 1807 मध्ये मलबारातल्या अशाच दगडाला ‘लॅटराइट’ (लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट) नाव दिलं, तेही याच गुणामुळे.

पाण्यापुढे मात्र चिरा हळवाच, कारण तो सच्छिद्र. जुन्या गोव्यात 1605 साली पूर्ण झालेल्या बॉम जेझू बॅसिलिकाच्या भिंती चिऱ्याच्या, दर्शनी भागातलं कोरीव काम वसईहून आणलेल्या काळ्या दगडाचं. भिंतींवरचा चुन्याचा गिलावा 1950 च्या दशकात काढला गेला. तो परत लावावा की नाही यावर वाद आहे. माझं मत लावावा असं. दगडाचा रंग सुंदर दिसतो हे मान्य, पण पाऊस थेट छिद्रांत शिरतो.