असेल, असावं, असणार: विमानाच्या इंग्रजीत अंदाज कसा बोलायचा
(आमच्या शनिवार-रविवारच्या वर्गाचं माहितीपत्रक, नाशिक)

‘द पॅनल मस्ट बी क्लोज्ड.’ या वाक्याचं मराठी करून बघा (पॅनल म्हणजे विमानाच्या अंगावरचं उघडता-लावता येणारं झाकण), मग पुढे वाचा.

‘पॅनल बंद केलंच पाहिजे’ म्हणालात तर बरोबर. ‘पॅनल बंदच असणार’ म्हणालात तरी बरोबर, आणि घोळ नेमका तिथेच आहे. आमच्यापैकी एकाची बत्तीस वर्षं विमानांच्या देखभालीत गेली. उमेदवारीच्या दिवसांत एका हँगरमध्ये (नाव कशाला घ्या) रात्रपाळीच्या हँडओव्हर रजिस्टरात, म्हणजे पुढच्या पाळीसाठी काम नोंदवून ठेवायच्या वहीत, हेच वाक्य लिहिलेलं होतं. लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं, ‘मी उघडलंय, तुम्ही लावा.’ वाचणाऱ्यानं, म्हणजे आम्ही, अर्थ घेतला, ‘लावलेलं असणार.’ पहाटे विमानाभोवती फेरी मारताना टॉर्चच्या उजेडात पॅनलची एक कड बोटभर वर आलेली दिसली. चार फास्टनर आवळायला पाच मिनिटं लागली. लेखी खुलासे देण्यात आठवडा गेला.

हा वर्ग त्या पॅनलमधून निघाला. तो चालवणाऱ्या आम्हा दोघांपैकी दुसरीनं आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. मस्ट, मे, माइट, कुड, कान्ट, शुड हे शब्द पाचवीपासून सगळ्यांना पाठ असतात, पण ते ‘परवानगी’ आणि ‘सक्ती’ म्हणून. अंदाज बांधायला वापरायची वेळ आली की भलेभले अडखळतात, असा तिचा अनुभव. आमचा पूर्ण कोर्स एवढ्या सहा शब्दांचाच आहे. इंग्लिश स्पीकिंगचा सगळा डोंगर चढायचा असेल, तर कॉलेज रोडला वर्गांची कमी नाही.

कोणी यावं

विमान देखभालीचं शिक्षण घेणारी मुलं, ओझरच्या विमान कारखान्यात ॲप्रेंटिसशिप करणारी, ग्राउंड स्टाफच्या मुलाखतीला जाणारी आणि पायलट लायसन्ससाठी इंग्रजीची चाचणी देणारी. शेवटच्यांसाठी थोडं सविस्तर सांगतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, हिच्या मोजपट्टीवर इंग्रजीच्या सहा पातळ्या आहेत. परदेशी उड्डाणांसाठी किमान चौथी लागते. चौथी मिळाली तर ३ वर्षांत पुन्हा चाचणी, पाचवी मिळाली तर ६ वर्षांत, सहावी मिळाली की सुटका. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद असे सहा भाग तपासतात, आणि यांतला सगळ्यांत कमी गुण तीच तुमची पातळी. सरासरी काढत नाहीत. पाच भागांत पाचवी आणि वाक्यरचनेत तिसरी असेल, तर हातात तिसरीच येते.

बऱ्याच चाचण्यांत एखादा फोटो समोर ठेवून ‘काय झालं असेल?’ असं विचारतात. तिथे ‘आय थिंक, आय थिंक’ करत राहिलात की परीक्षकाला तुमची वाक्यरचना दिसतच नाही.

मराठीत हे तुम्हाला आधीच येतं

फेब्रुवारीत दिंडोरीकडे आभाळ भरून आलं की बागायतदारांचं बोलणं ऐका. ‘येईल बहुतेक’, ‘यायला नको खरं तर’, ‘येतोय कसला’, ‘येणार, येणारच हा’. द्राक्षं ऐन भरात असताना यातल्या प्रत्येक वाक्याला वेगळी किंमत असते, आणि ती ऐकणाऱ्याला बरोबर कळते. इंग्रजीतही हेच करायचंय.

समजा नाशिकरोडला सकाळी पंचवटी एक्सप्रेस पकडायला पोचलात. पार्किंगमधूनच बायकोला फोन करता, ‘गाडी गेली असेल.’ काही पाहिलेलं नाही, नुसती शंका. ही झाली माइट हॅव, मे हॅव किंवा कुड हॅव. जिना चढून वर आलात, फलाट रिकामा. ‘गेली असावी.’ आता थोडा पुरावा आहे. इंग्रजीत याला नेमका एक शब्द नाही, ‘प्रॉबब्ली’ जोडून काम भागवावं लागतं. एवढ्यापुरती मराठी पुढे आहे, हे आम्ही वर्गात जरा मिरवूनच सांगतो. मग बोर्डावर पुढच्या गाडीचं नाव दिसतं. ‘गेली असणार.’ हे मस्ट हॅव. आणि तेवढ्यात घोषणा होते की पंचवटी वीस मिनिटं उशिरा येतेय. ‘म्हणजे गेली असणं शक्यच नाही.’ हे कान्ट हॅव.

या शेवटच्या पायरीवर जवळजवळ प्रत्येक जण पडतो. ‘असणार’ म्हणजे मस्ट, मग ‘नसणार’ म्हणजे मस्ट नॉट, असा सरळ हिशेब केला जातो. पण ‘मस्ट नॉट’ ऐकणारा बहुतेक वेळा मनाईच समजतो: करायचं नाही. अंदाजातल्या ‘नसणार’ला कान्ट. एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी पत्रक छापल्याचे पैसे वसूल.

‘शकतो’चा सापळा

‘आज पाऊस पडू शकतो’ याचं इंग्रजी आमच्याकडे दहातले आठ जण ‘इट कॅन रेन टुडे’ असं करतात. मराठीत ‘शकतो’ कुवतीलाही चालतो आणि शक्यतेलाही. इंग्रजीतला कॅन कुवत सांगतो, किंवा ‘एरवी असं होत असतं’ असं सर्वसाधारण सांगतो. आज, इथे, या विमानाबद्दल अंदाज असेल तर मे किंवा माइट.

हँगरमधल्या मुलांची यात तेवढी चूक नसते. विमानांची मेन्टेनन्स मॅन्युअल बहुधा सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश नावाच्या आखून दिलेल्या इंग्रजीत असतात. त्यात ‘मे’ला जागाच नाही, कारण मे म्हणजे परवानगी की शक्यता असा संशय राहतो. त्याऐवजी कॅन वापरतात. ‘शुड’लाही तिथे बंदी. करायचं असेल तर मस्ट, नाहीतर थेट आज्ञा. म्हणजे घरी शकतो, मॅन्युअलमध्ये कॅन, मग तोंडात दुसरं काय बसणार? मॅन्युअल वाचताना कॅन बरोबर, मुलाखतीत दोषाचं कारण सांगताना माइट हॅव. दोन्ही कप्पे वेगळे ठेवायला आम्ही शिकवतो.

आणखी एक जागा. ‘इट कुड हॅव हिट द टेल’ म्हणजे शेपटीला लागलं असेल, की लागलं असतं? इंग्रजीत दोन्ही. मराठीत असेल आणि असतं यांत जमीन-अस्मानाचा फरक: पहिल्यात विमान तपासायला जायचं, दुसऱ्यात सुटकेचा निःश्वास टाकायचा. म्हणून नुसती शक्यता सांगायची असेल तेव्हा कुड टाळून माइट किंवा मे वापरा, असा आमचा सल्ला. व्याकरणाचा तसा नियम नाही.

वर्गातला एक खड्डा

खड्डा म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेला पडलेला पोचा. त्याचे फोटो आम्ही एकेक करून दाखवतो.

पहिल्या फोटोत नुसता पोचा, लिंबाएवढा. कोणीतरी म्हणतं, ‘बर्ड हिट.’ कशावरून? गप्प. मग वाक्य तयार होतं: ‘समथिंग माइट हॅव हिट द विंग.’ रॅम्पवरची (विमानं उभी करतात त्या जागेवरची) शिडी घासली असेल, रनवेवरचा खडा उडाला असेल, काहीही. दुसऱ्या फोटोत पोच्याभोवती तपकिरी डाग. ‘इट मे हॅव बीन अ बर्ड.’ डाग तेलाचाही असू शकतो, म्हणून अजून मे. तिसऱ्या फोटोत स्लॅटच्या, म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेवरच्या सरकत्या पट्टीच्या, फटीत अडकलेलं राखाडी पीस. आता सगळे एका सुरात, ‘इट मस्ट हॅव बीन अ बर्ड!’ मागून कोणीतरी गारा सुचवतोच, निफाडकडचा असला तर हमखास. त्याला आम्ही पंखाचा पूर्ण फोटो दाखवतो: बाकी कड गुळगुळीत. गारा मोजून एकाच जागी पडत नाहीत. ‘इट कान्ट हॅव बीन हेल.’

शेवटी पायलटची नोंद वाचून दाखवतो, की उतरताना पक्षी धडकताना डोळ्यांनी पाहिला. आता काय म्हणायचं? बहुतेक जण आणखी जोरात ‘मस्ट हॅव’ म्हणतात. उत्तर साधं आहे: ‘इट वॉज अ बर्ड.’ मस्ट कितीही ठाम वाटला तरी तो अनुमानाचाच शब्द. ‘घरात असणार’ म्हणणाऱ्यानं घरात डोकावलेलं नसतं. पाहिलेल्या गोष्टीला मस्ट लावला, तर ऐकणारा समजेल की तुम्ही पाहिलेलीच नाही.

आणि ‘शुड’? ‘टायर प्रेशर शुड बी ओके’ याचा अर्थ ‘ठीक असायला हवं’, म्हणजे मी मोजलेलं नाही. विमान नऊला यायला हवं, इथे शुड चालेल. टायरच्या बाबतीत गेज लावायचा आणि आकडा लिहायचा. रजिस्टरात शुड दिसला की आमच्यातल्या एकाच्या पोटात अजून गोळा येतो.

रेडिओवर मात्र हे सगळं गुंडाळून ठेवा

हवाई नियंत्रकाशी बोलायची भाषा ठरलेली असते आणि तिच्यात अंदाजाला जागा फार थोडी. जमणार नसेल तर कान्ट नव्हे, ‘अनेबल’ म्हणायचं. कॅन आणि कान्टमधला फरक खरखरीत रेडिओवर एका ‘ट’वर टिकलेला असतो, आणि तो ‘ट’ अमेरिकन उच्चारात बऱ्याचदा गिळला जातो.

इथे आम्ही २५ जानेवारी १९९०ची घटना शिकवतो. कोलंबियाहून न्यूयॉर्कला निघालेलं अव्हियांका ५२ हे विमान खराब हवामानामुळे वारंवार आकाशात घिरट्या घालत थांबलं होतं. इंधन संपत आलं तेव्हा सहवैमानिकानं ‘प्रायॉरिटी हवी असं वाटतं’ अशा अर्थाचं सांगितलं, इंधन संपतंय असंही सांगितलं, पण ‘इमर्जन्सी’ हा शब्द उच्चारला नाही. पहिल्यांदा उतरता आलं नाही, दुसऱ्या खेपेपर्यंत इंजिनं बंद पडली आणि विमान लाँग आयलंडवर कोसळलं. १५८ पैकी ७३ जण गेले. चौकशीत इंधनाची आणीबाणी कळवली नाही हेही कारण म्हणून नोंदलं गेलं. आज त्यासाठी ठरलेले शब्द आहेत: पोचल्यावर ठरवून दिलेल्या किमान साठ्यापेक्षा कमी इंधन उरण्याची वेळ येऊ शकेल असं दिसलं तर ‘मिनिमम फ्युएल’, आणि कमीच उरणार हे पक्कं झालं तर ‘मेडे, मेडे, मेडे, फ्युएल’. ‘आय थिंक’ला तिथे जागा नाही.

हवामानाच्या अंदाजात मात्र शक्यता आकड्यात लिहितात. विमानतळाच्या टॅफ या अंदाजपत्रात ‘प्रॉब’पुढे ३० किंवा ४० एवढेच आकडे येतात. ३०च्या खाली असेल तर लिहीतच नाहीत, ५० किंवा वर गेलं तर ते ‘प्रॉब’मध्ये न धरता बदलाच्या वेगळ्या खुणांनी दाखवतात. ‘प्रॉब ३०’ मोठ्यानं वाचताना ‘देअर माइट बी थंडरस्टॉर्म्स’ म्हणा, ‘देअर विल बी’ नको. अमुक टक्के म्हणजे माइट, तमुक म्हणजे मे असं कोष्टक काही मुलं मागतात. इंग्रज माणूस असं मोजून बोलत नाही, म्हणून आम्ही ते देत नाही.

वर्गाचा तपशील

एका तुकडीत आठच जण, कारण प्रत्येकाला बोलायला मिळालं पाहिजे. एकूण बारा बैठका, प्रत्येकी दीड तास. शनिवारी संध्याकाळी साडेसहा ते आठ, रविवारी सकाळी साडेआठ ते दहा. ओझरला पाळी असणाऱ्यांना एकदा शनिवारची बैठक चुकली तर ती पुढच्या तुकडीबरोबर भरून देतो, वेगळे पैसे नाहीत. फी ४,८०० रुपये, दोन हप्त्यांत चालेल. पहिली बैठक फुकट. तिला बसून मगच ठरवा.

चाचणीत पास करून देण्याची हमी आम्ही देत नाही. ‘यू शुड पास’ एवढंच म्हणू, आणि त्याचा अर्थ तुम्हाला आता माहीत आहे.

जागा गंगापूर रोडला, जिना चढून पहिल्या मजल्यावर; मागच्या पानावर नकाशा आहे. गाडी गल्लीत लावा, समोरच्या दवाखान्यापुढे नको. येताना वही आणि मोबाइलमधला कुठलाही मोडक्या-तोडक्या वस्तूचा एक फोटो आणा: चेपलेलं बोनेट, फुटलेली कुंडी, काहीही चालेल. पण काय झालं होतं ते वर्गात आधी कुणाला सांगू नका.