ताऱ्यांवरचे पेपर, सायटेशन आणि ७०-३० चा नियम: पार्श्वभूमी

इंदूरच्या एकाच खंडवा रोडवर खगोलभौतिकीच्या अभ्यासकाचं काम दोन पद्धतींनी तोललं जातं. राज्याच्या विद्यापीठात विद्यापीठ अनुदान आयोगाचा गुणतक्ता चालतो. पुढे सिमरोलच्या केंद्रीय तंत्रज्ञान संस्थेला (आयआयटीला) तो लागू नाही. तिथं निवड समिती बाहेरच्या तज्ज्ञांची मतं मागवते. त्यामुळे ताऱ्यांवर काम करणाऱ्या एकाच माणसाची प्रकाशनांची यादी दोन ठिकाणी दोन तऱ्हेनं वाचली जाते.

सायटेशन म्हणजे नंतरच्या पेपरांनी आपल्या पेपरचा दिलेला संदर्भ. सायटेशन सूचीची कल्पना १९५५ ची, पहिली मोठी छापील सूची १९६४ ची, पेपरांची संख्या आणि सायटेशन एकाच आकड्यात सांगणारा एच-इंडेक्स २००५ चा. खगोलशास्त्रज्ञांच्या रोजच्या वापरात मात्र १९९० च्या दशकात आलेली एडीएस (खगोलशास्त्राच्या पेपरांची ऑनलाइन सूची) आणि अर्काइव्ह (पेपरांच्या प्रतींचा खुला संग्रह) हीच साधनं. सायटेशनचा आकडा कामाच्या मोलाइतकाच कामाच्या प्रकारावर ठरतो, हे ताऱ्यांच्या क्षेत्रात ठळक दिसतं. आंतरतारकीय धुळीमुळे होणाऱ्या प्रकाशक्षयाचा १९८९ चा नियम धुळीची वजाबाकी करणारे अनेक जण उद्धृत करतात. आयनीकरणाचं साहा समीकरणही सतत वापरात आहे, पण १९२० चा मूळ पेपर संदर्भयादीत क्वचितच येतो. समीकरणाचं नाव घेतलं की पुरे. एप्रिल २०१८ मध्ये ताऱ्यांची स्थानं आणि गती मोजणाऱ्या गाया उपग्रहाची दुसरी माहिती-आवृत्ती आली आणि तारकागुच्छांचे सदस्य तारे नव्यानं ठरवावे लागले. जमिनीवरून मोजलेल्या निजगतींवर (ताऱ्यांच्या आकाशातल्या सरकण्यावर) उभ्या असलेल्या जुन्या सदस्य-याद्या मागे पडल्या. त्या याद्या करण्यात दशकं घालवलेल्या लोकांचा सायटेशनचा आलेख तिथून सपाट झाला असेल, तर तो त्यांचा दोष नव्हे.

खरा वाद श्रेय वाटण्याचा आहे. अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमात पहिला लेखक आणि करस्पॉन्डिंग लेखक (पेपरबद्दलचा पत्रव्यवहार पाहणारा) किंवा गाइड यांना मिळून पेपरच्या गुणांपैकी ६० टक्के, उरलेले ४० टक्के बाकीच्यांत समान वाटून, असं होतं. २०१६ मध्ये ६०-४० चं ७०-३० झालं, पण 'वाटून' कायम राहिलं. २०१८ मध्ये ते गेलं. आता दोनच लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. जास्त असतील तर 'पहिला/मुख्य/करस्पॉन्डिंग' लेखकाला ७० आणि प्रत्येक सहलेखकाला ३०.

शंभर लेखकांचा पेपर घ्या. २०१० च्या हिशेबानं अठ्ठ्याण्णव सहलेखकांपैकी एकाला ०.४१ टक्के मिळायचे. २०१८ नंतर ३० टक्के, म्हणजे सत्तरपटीहून जास्त. इम्पॅक्ट फॅक्टर (नियतकालिकातल्या पेपरांची सरासरी सायटेशन) २ ते ५ असलेल्या नियतकालिकातल्या विज्ञानाच्या पेपरचे २० गुण धरू. पहिल्या लेखकाला १४, सहलेखकाला ६. प्राध्यापकपदाच्या थेट भरतीला १२० गुण लागतात, सहयोगी प्राध्यापकाला ७५. मोठ्या गटातल्या पन्नासाव्या नावाला १२० साठी वीस पेपर पुरतात.

लहान गटाचं मात्र याच नियमानं नुकसान होतं. विद्यार्थी आणि गाइड असे दोघंच लेखक असतील तर दोघांना १४-१४. वर्णपटांचं रिडक्शन (कच्च्या नोंदींवरची प्रक्रिया) करणाऱ्याचं तिसरं नाव घातलं की, गाइड करस्पॉन्डिंग लेखक नसेल तर, त्याचे १४ चे ६ होतात. नाव प्रामाणिकपणे घालणाऱ्याला आठ गुणांचा फटका बसतो, आणि तिसरं नाव आभारात ढकलण्याचा मोह नियमच निर्माण करतो. माझ्या मते २०१८ च्या तक्त्यातली ही सगळ्यात वाईट ओळ आहे.

त्यात तिरप्या रेघांची भर. 'पहिला/मुख्य/करस्पॉन्डिंग' म्हणजे यांपैकी कोणीही एक, की प्रत्येक जण? रसायनशास्त्रात गाइडच्या नावावर करस्पॉन्डिंग लेखकाचं तारांकन असतं, त्यामुळे ७० टक्क्यांवर त्याचा दावा सरळ लागतो. ताऱ्यांच्या पेपरमध्ये विद्यार्थी बहुधा पहिला लेखकही असतो आणि ई-मेलही त्याचाच छापला जातो. गाइडच्या वाट्याला ३० उरतात. दोन करस्पॉन्डिंग लेखक छापले तर प्रत्येकी ७० की ३५, याचं उत्तर तक्त्यात नाही. गायाच्या मुख्य पेपरांत तर लेखकयादीची सुरुवातच गटाच्या नावानं होते. ७० टक्के घेणारा पहिला लेखक तिथं कोणाला मानायचं?

यादी काढताना एडीएसमध्ये आधी 'रेफरीड' (तज्ज्ञांनी तपासलेले पेपर) गाळणी लावावी, नाहीतर परिषदांचे सारांश आणि दुर्बिणीच्या वेळेसाठीचे मंजूर प्रस्तावही मोजले जातात. नावाआधी टोपीचं चिन्ह (^) टाकलं की फक्त पहिल्या लेखकाचे पेपर येतात. लेखकसंख्येनं भागलेली सायटेशन वेगळी दिसतात. समितीला दोन्ही आकडे द्यावेत. जोशी किंवा पाटील आडनाव आणि एकच आद्याक्षर असेल तर दुसऱ्याचे पेपर आपल्या खात्यात येतात, लग्नानंतर नाव बदललं असेल तर आपलेच सुटतात. लेखकाची ओळख पटवणारा सोळा अंकी ऑर्किड क्रमांक पेपर पाठवतानाच जोडावा. नंतर जुने पेपर एकेक करून दावा सांगत बसावं लागतं. गूगल स्कॉलरमध्ये अर्काइव्हची प्रत आणि छापील पेपर कधी वेगळे राहतात. तिथं ते हातानं एकत्र करावे लागतात.

अनुदान आयोगाच्या जानेवारी २०२५ च्या मसुद्यात गुणांच्या बेरजेऐवजी उल्लेखनीय योगदान पाहण्याचा प्रस्ताव आला. त्यासाठी पेपरच्या शेवटी निरीक्षणं कोणी घेतली, रिडक्शन कोणी केलं, मॉडेल कोणी बसवलं याचा चार ओळींचा परिच्छेद कामी येतो; तो पेपर पाठवण्याआधी सगळ्या लेखकांना दाखवून पक्का करावा.