‘डायरेक्ट’ की ‘नॉन-स्टॉप’? तिकीट सांगण्याआधी एवढं वाचा

परदेशी निघालेल्या आमच्या ग्राहकांसाठी

दादरच्या आमच्या ऑफिसात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर रोज येणारी मागणी म्हणजे, ‘आई-बाबांसाठी डायरेक्ट फ्लाइट बघा.’ नेमकं इथेच घोडं अडतं. विमान कंपन्यांच्या लेखी डायरेक्ट म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत फ्लाइट नंबर एकच. मध्ये विमान उतरणार नाही, याची हमी त्यात नाही. चर्चगेटहून विरार फास्ट पकडली की गाडी बदलावी लागत नाही, पण अंधेरी-बोरिवलीला ती थांबतेच, तसंच हे. क्वांटासचं क्यूएफ १ सिडनीहून निघून सिंगापूरला उतरतं आणि मग लंडनला जातं. नंबर एकच, पण सिंगापूरला हातातलं सामान घेऊन खाली उतरायचं आणि पुन्हा तपासणीतून जायचं. सत्तरीच्या माणसाला हे आधी माहीत असलेलं बरं.

कुठेही न टेकणारं विमान हवं असेल तर ‘नॉन-स्टॉप’ म्हणा.

पुष्कळदा मात्र ‘डायरेक्ट’ म्हणणाऱ्यांची खरी काळजी बॅगांची असते. त्यासाठी नॉन-स्टॉपचे जादा पैसे मोजायची गरज नाही. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर असेल तर कनेक्टिंग फ्लाइटमध्येही मुंबईत दिलेली बॅग सहसा शेवटच्या विमानतळावरच हातात येते. अमेरिकेचं तेवढं वेगळं आहे: तिथे पहिल्यांदा जिथे उतराल तिथे बहुतेक वेळा बॅगा घेऊन कस्टम्समधून जावं लागतं आणि मग पुन्हा द्याव्या लागतात. म्हणून मुलगी डॅलसला असेल तर न्यूयॉर्कला विमान बदलण्यापेक्षा आखातात बदलून सरळ डॅलसला उतरणारं तिकीट आम्ही आधी दाखवतो.

आम्ही फोनवर विचारतो: मध्ये थांबलं तर चालेल का? विमान बदललं तर? किती तास बसायची तयारी आहे? काहींना या प्रश्नांचा कंटाळा येतो. पण पासपोर्टचे तपशील भरून झाले, पैसे भरायची वेळ आली आणि मग ‘अहो, हे तर मध्ये थांबतंय!’ असं झालं की सगळं पहिल्यापासून करावं लागतं. तोवर भाडं वाढलेलं असू शकतं. ते विमान कंपनी ठरवते, आमच्या हातात नसतं. तिकीट निघाल्यावर लक्षात आलं तर कॅन्सलेशन चार्ज वेगळा. त्यापेक्षा दोन मिनिटांचे प्रश्न परवडले.

ऑनलाइन स्वस्त दिसणाऱ्या तिकिटावर ‘सेल्फ-ट्रान्सफर’ लिहिलेलं असेल तर जपून. ती दोन स्वतंत्र तिकिटं असतात. पहिलं विमान उशिरा पोहोचून दुसरं चुकलं तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. शिवाय मधल्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. असं तिकीट आम्ही स्वतःहून देत नाही.

‘रिटर्न’ म्हटलं की आम्ही जाऊन-येऊन धरतो. फक्त परतीचं हवं असेल तर ‘वन-वे’ सांगा आणि कुठून कुठे तेही सांगा. ‘लेओव्हर’ म्हणजे पुढच्या विमानापर्यंतचा थांबा. आंतरराष्ट्रीय प्रवासात तो २४ तासांहून जास्त झाला की सहसा ‘स्टॉपओव्हर’ म्हणतात. घरून निघायची वेळ ‘डिपार्चर’वरून मोजू नका, चेक-इन काउंटर त्याच्या साधारण तासभर आधी बंद होतो. आणि १५ तारखेच्या रात्री साडेबाराचं विमान म्हणजे १४ तारखेच्या संध्याकाळीच घरून निघायचं. तारखेची ही गफलत शिकल्यासवरलेल्यांचीही होते, म्हणून आमच्या मेसेजमध्ये घरून निघायचा वार वेगळा लिहिलेला असतो.

आता विमानतळही दोन आहेत. तिकिटावर बीओएम असेल तर आपला नेहमीचा, एनएमआय असेल तर नवी मुंबई.

व्हीलचेअर हवी असल्यास तिकीट काढतानाच सांगा. ती विनंती नोंदवायचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही.