खावटीचा आदेश झाला, पैसे येत नाहीत? वसुलीच्या अर्जात इथे अडकतं

कोर्टाने नवऱ्याकडून खावटी (पोटगी) मंजूर केली की पैसे आपोआप येतील, असं समजून बायका वाट बघत बसतात. महिना चुकला की वसुलीचा अर्ज आपणच टाकायचा असतो. घटस्फोट झालेली, पण दुसरं लग्न न केलेली बाईही यात बसते.

सगळ्यात जास्त अर्ज मुदतीत मार खातात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 125) खाली वसुलीचं वॉरंट हवं, तर पैसे देय झाल्यापासून 1 वर्षात अर्ज पाहिजे. हे वर्ष आदेशाच्या तारखेपासून नाही, प्रत्येक महिन्याच्या हप्त्याचं वेगळं. 'कापूस विकला की देतो' ऐकत दोन हंगाम गेले, तर जुने हप्ते या वाटेने गेलेच समजा. आदेश हिंदू विवाह कायद्याखालचा असेल तर मात्र दिवाणी कोर्टात दरखास्त (आदेश अमलात आणायचा अर्ज), आणि तिथे मुदत 12 वर्षं. म्हणून आदेशावरचं कलम आधी कुणाकडून तरी वाचून घ्या.

मागे एक ताई सकाळच्या एसटीने आल्या, पिशवीत आदेशाची लॅमिनेशन केलेली झेरॉक्स. ती चालत नाही. कोर्टाच्या नक्कल विभागातून सही-शिक्क्याची नक्कलच लागते. सोबत कोणत्या महिन्याचे किती थकले याचा तक्ता, पासबुक, आधार.

मग वॉरंट परत येतं: 'इसम मिळून आला नाही'. अख्ख्या गावाला माहीत असतं तो कुठे आहे, फक्त शिपायाला सापडत नाही! तो पुण्याला कामाला असेल तर अर्ज तिथल्या मॅजिस्ट्रेटकडेही करता येतो. कंपनीचं नाव, गाडीचा नंबर, सातबारा, जे मिळेल ते अर्जात लिहा. त्याच्या नावाची शेती असेल तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत महसुली थकबाकीसारखी वसुली होऊ शकते. सातबारा सासऱ्याच्या नावावर निघाला, की हा रस्ता बहुधा बंद. अर्जाआधी तलाठ्याकडे बघून या.

वकिलाचे पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीत जा किंवा 15100 वर फोन करा. बाईला उत्पन्नाचा दाखला न मागता वकील मोफत मिळतो.

वॉरंट काढूनही, सबळ कारण नसताना त्याने भरलं नाही, तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी 1 महिन्यापर्यंत कैद, आधी भरले तर सुटका. जेलमधून आल्यावर 'भोगली ना शिक्षा, आता हिशोब मिटला' असं तो गावभर सांगेल. मिटत नाही. थकबाकी तशीच उभी राहते.